ते बघ म्हणायला कुणी उरत नाही तेव्हा: मूल गमावलेल्या आईबापांची कादंबरी लिहिताना

प्रश्न विचारणारे लेखक पहिलीच कादंबरी लिहितायत. मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी चाळीतलं कुटुंब. बाप बेस्टमध्ये कंडक्टर, आई घरी शिवणकाम करते, तेरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. २०२३च्या पावसाळ्याच्या शेवटी मुलगा आजारी पडतो आणि जातो. त्यापुढच्या दोन वर्षांची ही गोष्ट. अखेरच्या प्रकरणात बाप बोरिवलीच्या जंगलात कारवीच्या झुडपांचा फुलोरा बघतो, त्याला रडू फुटतं आणि मन शांत होतं. मित्रांना वाचून दाखवली तेव्हा काही म्हणाले, फार रडकी झालीय. काही म्हणाले, शेवटी अजून थोडी आशा दाखव. त्यांनी हस्तलिखित आणि आराखडा पाठवून विचारलंय: दुःख किती ठेवू, आणि जगण्याचं नवल त्यात कसं आणू?

मी मुंबईत प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचतो आणि संपादतो. उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली, त्यामुळे उत्तर कामाच्या अंगानेच देतो. थोडं लांबेल.

दुःख किती, हा तुमच्या हस्तलिखिताचा प्रश्न नाही. ते रडकं वाटतं, कारण रडण्याच्या आधी पानावर फारसं काही घडलेलंच नाही. आई पहिल्याच प्रकरणात रडते, दुसऱ्यात रडते, देवळात रडते, नळावर रडते; पण ती मुलाचं एखादं काम करतेय असं एकदाही दिसत नाही. रडणारी आई वाचकाने हजारदा पाहिलेली आहे, या बाईला मात्र तो अजून ओळखत नाही. तुमची नायिका शिवणकाम करते ना? मग पावसाळ्यात शाळेची चड्डी रात्रभर दोरीवर टाकूनही ओलीच राहिली आणि सकाळी तिने इस्त्री फिरवून फिरवून ती सुकवली, हे लिहा. चड्डीला दोन बोटं जास्त दुमड ठेवून शिवली, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून लांब करता येईल, हे लिहा. ते दुमडलेलं कापड मुलाच्या मागे घरात राहील आणि तुम्हाला त्यावर एक शब्दही बोलावा लागणार नाही. बाप पहिल्या पाळीला पहाटे निघतो, म्हणजे तो मुलाला बहुतेक वेळा झोपलेलाच बघतो. पोटमाळ्यावरून खाली लोंबणारा एक पाय. शर्टाची बटणं लावता लावता तो पाय तो वर ढकलतो. एवढं पुरे.

खेड्यापाड्यांतल्या बायकांना हे आपल्याआधी कळलं होतं. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गोळा केल्या त्या एक लाखाहून जास्त आहेत. लेकराचं कौतुक, सासरी गेलेली लेक, मेलेला भाऊ, सगळं त्यांत आहे; पण गाणाऱ्या बाईचा हात कधी थांबलेला नाही. पीठ पडतच राहतं. तुमच्या नायिकेला शिवणयंत्र दिलंत हे उत्तम केलंत, आता ते चालवा.

पण प्रेम नुसतं कष्टातच असतं असं धरून चाललात तर कादंबरी अर्धीच राहील. तुमच्या मजकुरात एक जागा अशी आहे की तिथे मी थांबलो. बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ला बंद झाली, हे तुम्ही बरोबर पकडलंय. त्याच्या आदल्या आठवड्यात बाप मुलाला मुद्दाम अंधेरीला नेतो, उरलेल्या मोजक्या गाड्यांपैकी एकीत बसवायला. वरच्या मजल्यावरची पहिली सीट मिळते. मुलगा काचेला नाक लावून बसतो आणि सिग्नलला गाडी थांबल्यावर ओरडतो, "बाबा, ते बघा, तो माणूस खिडकीत दाढी करतोय! आणि अर्धीच केलीय!" बापाची सुट्टी, अंग दुखतंय, तो म्हणतो, "गप बस, लोक बघतायत." मुलगा गप्प बसत नाही. सिग्नल सुटेपर्यंत तो त्या दाढीवाल्याला हात करत राहतो आणि शेवटी तो माणूस फेसाळ गालाने हात हलवतो.

अख्ख्या मजकुरातलं हे सर्वांत जिवंत पान आहे, आणि मला वाटतं ते लिहिताना तुम्ही वाचकाला रडवायला बसला नव्हतात. त्यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आहे. मूल बोलायला लागायच्या आधीपासून आईबाप त्याला कडेवर घेऊन काय करत असतात? ते बघ काऊ. ती बघ चिऊ. तो बघ चांदोमामा लपला. गॅलरीत उभं राहून भूभू दाखवायचा, ट्रेन दाखवायची, गणपतीत लालबागच्या गर्दीत खांद्यावर बसवून मूर्ती दाखवायची. मग एक दिवस उलटं सुरू होतं आणि मूल आपल्याला दाखवायला लागतं: बाबा, ते बघा. आपण रोज ज्यांच्यासमोरून जातो आणि ज्यांच्याकडे कधी बघत नाही अशा गोष्टी. आईबापांच्या प्रेमाचा हा भाग आपल्या कादंबऱ्यांत फार कमी येतो. त्याग येतो, कष्ट येतात, पण ही दाखवादाखवी येत नाही. तुम्ही तिच्यावर कादंबरी उभी करू शकता. मूल गेलं की ज्याला दाखवायचं तोच नसतो, आणि जग मात्र दाखवण्याजोग्या गोष्टी करायचं थांबत नाही. तुम्ही शोधताय ते नवल हेच. ते आधी दिलासा म्हणून येणार नाही, अपमानासारखं येईल. पोरगं गेलं आणि खिडकीबाहेरचा गुलमोहर तरीही फुलतो, याचा बापाला संताप येतो. तिथून सुरुवात करा.

आता आजार. तुम्ही 'असाध्य ताप' लिहिलंय आणि पुढे 'काळाने घाला घातला'. सात वर्षांचं मूल मुंबईत कशाने गेलं हे वाचकाला कळलंच पाहिजे, आणि तुमच्याकडे उत्तर तयार आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर, पाणी ठरावीक वेळेला येतं म्हणून भरून ठेवलेला ड्रम, दिवसा चावणारा डास. डेंगू. या आजाराची एक गोष्ट अशी आहे की कुठल्याही कादंबरीकाराला सुचली नसती. धोका बहुधा ताप चढलेला असताना नसतो. ताप उतरायला लागतो तेव्हा असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान कपाळ गार लागतं, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि त्याच वेळी काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतो, रक्तदाब कोसळतो. पोट दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, मूल मलूल होतं किंवा चिडचिड करतं. वेळेवर सलाईन आणि नीट लक्ष मिळालं तर बहुतेक मुलं वाचतात. तुमचं मूल वाचलं नाही, कारण ताप उतरला म्हणून सगळे निश्चिंत झाले.

यावरून काय करता येतं बघा. रविवारी रात्री ताप उतरतो. आई देवापुढे साखर ठेवते. मुलगा कित्येक दिवसांनी काहीतरी मागतो, समजा बटर आणि चहा. बाप सोमवारी पहाटे ड्युटीला जातो, कारण रजा संपत आल्यात आणि पोरगा आता बराच आहे. जाताना नेहमीप्रमाणे पाय वर ढकलतो. पाय गार लागतो, त्याला बरं वाटतं. हे वाक्य तुम्ही साधेपणाने लिहून पुढे जा. दोनशे पानांनंतर, केव्हातरी एका डॉक्टरच्या किंवा महापालिकेच्या माणसाच्या तोंडून त्याला कळेल की गार पाय ही खूण होती. तोपर्यंत वाचकालाही ते कळता कामा नये. आणि आईच्या डोक्यात ड्रम आहे. महापालिकेची माणसं तपासायला आली होती तेव्हा झाकण नीट बसत नव्हतं; ती म्हणाली होती, बसवते. म्हणजे एकशे साठ चौरस फुटांच्या एका खोलीत दोन माणसं आपापला अपराध उराशी धरून झोपतायत आणि एकमेकांना सांगत नाहीयेत. ती एकमेकांपासून दूर का जातायत हे समजावायला तुम्ही जी नियती आणलीय तिची गरजच उरत नाही.

हे दोन्ही अपराध उघडे कधी पडावेत? माझं मत, एकाच रात्री मुळीच नाही. नाटकात शोभेल, पण इथे नको. बापाचा उघडा पडू दे. आईचा तिच्यापाशीच राहू दे. फक्त वाचकाला ठाऊक असू दे.

मृत्यू कुठे ठेवायचा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो. आराखड्यात तो मध्यावर आहे आणि तोवर 'पोरगा वाचेल का' अशी उत्सुकता ताणलेली आहे. ती काढून टाका. मुलाच्या जिवावर वाचकाला ताटकळत ठेवणं मला पटत नाही, आणि कामालाही येत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली तेव्हा रचनाच अशी केली की मोठा झालेला श्याम रात्री-रात्रीने आईच्या आठवणी सांगतो. आई आता नाही हे ऐकणाऱ्याला सुरुवातीपासून माहीत. म्हणून तिने केलेली साधी साधी कामं, पाय पुसणंसुद्धा, वेगळ्या वजनाची होतात. भाबडी म्हणून त्या पुस्तकाला हसणारे लेखक पुष्कळ भेटतात, पण ही रचना किती शहाणी आहे ते बघत नाहीत. तुम्हीही पहिल्याच पानावर सांगून टाका की मुलगा नाही. मग दाढीवाल्या माणसाला हात करणारं ते पान आपोआप जड होईल.

शेवटी आशा दाखव म्हणणाऱ्या मित्रांवर चिडू नका. ती मागणी आपल्या हाडीमांसी आहे. तेरच्या गोरा कुंभाराची गोष्ट कुणाला माहीत नाही? भजनात दंग होऊन माती तुडवताना पायाखाली स्वतःचं रांगतं मूल आलं आणि त्याला कळलंही नाही. बापाच्या हातून मूल जाण्याची याहून भयंकर गोष्ट मराठीत नाही. पण त्या कथेत पांडुरंग आहे, आणि कीर्तनाच्या शेवटी मूल परत मिळतं. ऐकणारा त्या परत मिळण्यासाठी बसलेला असतो. तुमच्या कादंबरीत मूल परत मिळणार नाही, आणि तरी तुमचं कारवीचं शेवटचं प्रकरण चोरपावलांनी तेच करतंय. फुलं फुलली, बाप रडला, हिशोब मिटला. जांभळ्या फुलांच्या रूपाने मूल परत दिल्यासारखंच झालं. वाचक पुस्तक मिटेल, डोळे पुसेल आणि जेवायला बसेल.

कारवी मात्र ठेवा. ती तुमच्या हातात आलेली फार मोठी गोष्ट आहे, फक्त तिचा वापर दागिन्यासारखा झालाय. तिच्याबद्दल जे खरं आहे ते आधी नीट समजून घ्या. लोक बोलताना सात वर्षांनी म्हणतात, पण ती फुलते आठव्या वर्षी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ला फुलली होती, नंतर २०२४ला. तुमचा मुलगा २०१६चा. त्याच्या जन्माच्या वर्षी बाप मित्रांबरोबर तिथे गेला होता आणि पुढच्या फुलोऱ्याला याला घेऊन येऊ असं म्हणाला होता, एवढं तुमच्याकडे आहेच. ऑगस्ट-सप्टेंबरात टेकडीचे उतार जांभळे होतात, मधमाश्यांचा नुसता घोंगाट असतो. आणि एकदा फुलली की ती झाडं वाळतात, मरतात. मात्र गोष्ट तिथे संपत नाही. सुकलेली बोंडं झाडावर तशीच राहतात, हिवाळा-उन्हाळाभर. दुसऱ्या वर्षीच्या पहिल्या पावसाचं पाणी लागलं की ती फट् फट् करत फुटतात आणि बी उडतं. सगळा उतार तडतडायला लागतो.

म्हणून माझी सूचना अशी. फुलोरा मध्यावर आणा, २०२४मध्ये. डेपोतल्या सहकाऱ्यांनी आग्रह केला म्हणून बाप जातो. गर्दी असते, लोक फोटो काढत असतात, एक बाई आपल्या पोराला फांदी वाकवून दाखवत असते. त्याला काहीही होत नाही. रडूही येत नाही. फुलं फुलं आहेत. उलट राग येतो की ही झुडपं आठ वर्षं पुरी करू शकली. परत येताना बोरिवलीला गाडीत चढायला धक्काबुक्की होते आणि त्यात तो कुणाच्या तरी कानाखाली वाजवतो. शांती वगैरे काही नाही.

मग २०२५चा पहिला पाऊस. तो दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेलेला असावा, फुलं बघायला नक्कीच नाही. उतारावर तडतड ऐकू येते. त्याला वाटतं कुणी फटाके लावतंय, मग वाटतं आग लागली. तो थांबतो. वाकून बघतो. एक बोंड त्याच्या तोंडासमोर फुटतं आणि बी गालाला लागतं. तो दुसरं शोधतो, त्यावर बोटाने पाण्याचा थेंब सोडतो आणि वाट बघतो. फुटतं. तिसरं. वनरक्षकाला विचारतो, हे काय, कसं होतं, केव्हापासून चाललंय. या सगळ्यात काही मिनिटं जातात. आणि मग तो मान वळवतो, 'ते बघ' म्हणायला, कमरेच्या उंचीवर, जिथे मुलाचं डोकं असायचं.

इथे दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात आणि त्या दोन्ही तुम्हाला हव्यात. एक, दाखवायला कोणी नाही हे त्याला नव्याने लागतं. दुसरी जास्त अवघड: इतकी मिनिटं मुलगा त्याच्या डोक्यात नव्हता. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. हे कळल्यावर त्याला मुलाला दुसऱ्यांदा गमावल्यासारखं वाटतं. मूल गेलेली माणसं याविषयी बोलतात तेव्हा दुःखापेक्षा या विसरण्याबद्दल जास्त अडखळत बोलतात. पहिल्यांदा मोकळेपणी हसले तो दिवस त्यांना तारखेनिशी आठवतो, आणि त्याची लाज वाटलेली असते. नवल आणि अपराध एकत्र येतात ती ही जागा. तुमची कादंबरी इथे पोचली तर आशेचं वेगळं प्रकरण लिहावं लागणार नाही. आणि कृपा करून त्याला घरी येऊन हे सगळं बायकोला समजावून सांगायला लावू नका. खिशात दोन न फुटलेली बोंडं आणू दे, पाहिजे तर.

कंडक्टर असण्याचा उपयोगही तुम्ही पुरता करून घेतलेला नाही. खाकी कपडे, गर्दी, सुट्ट्या पैशांची कटकट, एवढंच येतं. पण विचार करा, ज्याचा सात वर्षांचा मुलगा गेला तो माणूस दिवसभर काय विचारत फिरतो? "मुलाचं वय काय?" अर्ध्या तिकिटासाठी. प्रत्येक बाई वय कमी सांगणार. "अजून चारच पूर्ण नाहीत हो," असं आई म्हणते आणि पोरगं ताठ मानेने सांगतं, "मी पहिलीत आहे!" सगळी गाडी हसते. पूर्वी तोही हसून सोडून द्यायचा. आता काय करेल? सोपं उत्तर म्हणजे त्याचे डोळे भरून येतात आणि तो स्वतःच्या खिशातून तिकीट काढून देतो. नको. मला वाटतं तो हट्टाला पेटतो, तिकीट घ्यायलाच लावतो, बाईचा पाणउतारा करतो, लोक त्यालाच बोल लावतात. कुणीतरी पोराच्या वयातून वर्षं वजा करतंय हे त्याला सहन होत नाही. हे त्याला स्वतःलाही कळत नाही, आणि तुम्ही ते वाचकाला सांगायचं नाही. बाकी भाड्याचे आकडे तपासून घ्या. २०१६ला किमान भाडं आठ रुपये होतं, २०१९च्या जुलैत पाचवर आलं, २०२५च्या मे महिन्यात दहा झालं. तुमची कथा या तिन्ही काळांतून जाते आणि तुमचा कंडक्टर सगळीकडे पाचच घेतोय.

मेल्यानंतरची कागदपत्रंही आणा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते, ती बहुधा हॉस्पिटलकडूनच जाते. पण शिधापत्रिकेवरचं नाव घरच्यांनाच जाऊन कमी करावं लागतं. तो जात नाही. एक महिना, दोन महिने, वर्ष. दुकानदार तोंडओळखीचा, तोही काही बोलत नाही. मग पुनर्विकासासाठी घरोघरी माहिती घेणारी माणसं येतात. बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. त्यांच्या जागी पाचशे चौरस फुटांची घरं मिळणार, लोक वर्षानुवर्षं वाट बघतायत, कागद चोख हवेत ही सगळ्यांची धास्ती. फॉर्म भरणारा पोरगा मान वर न करता विचारतो, "माणसं किती?" आई 'तीन' म्हणते आणि बाप त्याच क्षणी 'चार'. मुलगी दोघांकडे बघते. या प्रसंगाला तुम्ही दोन पानं दिलीत तरी चालेल. क्रियाकर्माच्या प्रकरणाला मात्र आहेत त्याच्या निम्मी पानं करा. लहान मुलाचं काय करायचं, किती करायचं, याची रीत घराण्यागणिक, गावागणिक वेगळी असते. गावाहून आलेले काका आणि चाळीतले भटजी यांचा त्यावरून उडालेला खटका पुरेसा आहे. बाणगंगा तलावाचं वर्णन काढून टाका. देखणं आहे, म्हणूनच नडतंय.

मुलगी. तेरा वर्षांची आहे आणि भावाच्या मृत्यूनंतर तब्बल दोन प्रकरणं ती दिसतच नाही. आधी मला ती चूक वाटली. मग वाटलं, घरातही तेच झालं असणार. आईबापांना ती दिसेनाशी झाली. मग ते जाणूनबुजून करा. ती दहावीपर्यंत पोचते, उंच होते, कपडे आखूड होतात, आणि शिवण येणाऱ्या आईच्या ते लक्षातही येत नाही. शेजारीण सांगते तेव्हा लक्षात येतं. प्रेम संपलेलं नसतं, ते एकाच खुंटीला बांधलेलं राहतं. पण एक धोका सांगतो: शेवटी बापाने मुलीला जंगलात नेऊन 'ते बघ' म्हणावं, असा मोह तुम्हाला होईल. मलाही हे वाचता वाचता झाला. करू नका. ती भावाच्या जागेवर बसवायची वस्तू नाही. तिला तिचं स्वतःचं काहीतरी बघू दे, ज्यात बापाला काडीचा रस नाही, आणि ते ती त्याला दाखवतही नसेल.

मुलगाही थोडा कमी गोड करा. तो खोटं बोलत नाही, हट्ट करत नाही, बापाच्या कपाळाचा घाम पुसतो. असं मूल जन्माला आलेलं मी तरी बघितलेलं नाही. त्याने तिकिटाच्या पैशांतले दोन रुपये लांबवावेत, बहिणीची वही फाडावी, मार खावा. बापाने त्याला एकदा मारलं असेल तर तेही लिहा. बाप ते विसरलेला नसतो.

मेलेला मुलगा वरून बोलतोय ते प्रकरण पूर्ण काढा. त्यात चर्चा नको.

भाषेचं थोडक्यात. होत्याचं नव्हतं झालं, काळजाचा तुकडा, नियतीचा क्रूर खेळ, ही वाक्यं निवेदकाच्या तोंडून काढून घ्या आणि भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी द्या. देवाला आवडला, त्याचं तेवढंच आयुष्य होतं, तुम्हाला अजून एक आहे ना, असं लोक म्हणतातच, अगदी मनापासून म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला ते टोचतं. तिथे ती वाक्यं जिवंत आहेत. दुःख न बोलता कसं उभं करायचं हे बघायचं असेल तर गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' ही कविता पुन्हा काढून वाचा. ती आई मूल गेलं असं मानतच नाही. आजूबाजूच्यांना गप्प करत राहते, कारण बाळ झोपलंय. शंभर वर्षांपूर्वीची भाषा आहे, तुम्ही तशी लिहायची नाही, पण युक्ती अजून कोरी आहे: पात्राला जे मान्य नाही ते लेखकाने त्याच्यावर लादायचं नाही.

शेवटचा तुमचा प्रश्न होता की मूल गमावलेल्या एखाद्या जोडप्याला हस्तलिखित वाचायला द्यावं का. द्या, पण आधी स्पष्ट सांगा की कशाबद्दल आहे, आणि नको म्हणाले तर पुन्हा विचारू नका. 'कशी वाटली' असं विचारू नका. ते तुमचं मन राखतील. नेमकं विचारा: घरी परत आल्यावर आधी काय केलंत, चपला कुठे ठेवल्या, कुणाचा राग आला, शाळेचं दप्तर कधी हलवलं. बापाने आणि आईने एकत्र बसून सांगावं असा आग्रह नको, वेगवेगळं सांगू दे. दोघांची उत्तरं जुळणार नाहीत. जे सांगतील ते तसंच्या तसं उचलू नका, आणि उचलायचंच असेल तर विचारून उचला. दुसरी प्रत एखाद्या निवृत्त कंडक्टरला द्या, तो तुमच्या ड्युटीच्या वेळा आणि तिकिटांची गडबड एका बैठकीत काढून देईल. आणि डेंगूची सगळी पानं बालरोगतज्ज्ञाकडून वाचून घ्या, विशेषतः तो गार पाय. कादंबरी वाचून एखाद्या घराला ती खूण आठवलीच, तर ती बरोबर असलेली बरी. हे झालं की नवा मसुदा पाठवा. शंभर पानं कमी झाली तरी घाबरू नका.